हातातलं पायतान

नगराळे सरांचं सांगायचं तर पायांपासून सुरुवात करावी लागते, त्याला इलाज नाही. त्यांचा चेहरा विसरलेली माणसं मला भेटतात, पण त्यांचे पांढरे कापडी बूट विसरलेला एकही भेटला नाही. सडपातळ, सावळा माणूस, खाकी पँट, वर पांढरा सदरा, आणि खाली ते दोरीचे, रबरी तळव्याचे पांढरेशुभ्र बूट. शाळेतली पोरं पीटीला घालतात ना, तेच. हे गृहस्थ ते घालून भूगोल शिकवायचे, बाजार करायचे, मयतीलाही जायचे.

यात काय एवढं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. त्याला आमचा पार माहीत नाही म्हणून वाटेल.

आमचं गाव आंध्रात, भैंशाच्या पलीकडे, सरहद्दीला चिकटून. ओढा ओलांडला की महाराष्ट्र. मी भैंशाची लेक, या गावची सून, आणि इथल्याच मराठी शाळेत बाई. नवऱ्याची नोकरी भैंशात, म्हणून तिथं राहून रोज बसनं यायचे. बस गावाच्या एका टोकाला थांबायची, शाळा दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये मारोतीचं देऊळ अन् देवळासमोर लिंबाखालचा पार. पारावर गावातली जाणती माणसं बसलेली. सकाळी तंबाखू, दुपारी डुलकी, संध्याकाळी कापसाचा भाव. पारासमोरून जाताना बाईनं चप्पल काढून हातात घ्यायची, असा आमच्याकडे रिवाज होता. सुनांनी तर घ्यायचीच, पण न्हात्याधुत्या झालेल्या लेकींनीही घ्यायची. बौद्धवाड्यातल्या माणसांना तर हाच रिवाज पूर्वी सक्तीचा होता, बाई असो की गडी. तो म्हणे कायद्यानं गेला. गेला म्हणजे काय, तर तिथले म्हातारे पारावरून यायचंच टाळून ओढ्याकाठच्या वाटेनं काट्यांतून जायचे, म्हणजे काढायची भानगडच नको.

तालुके मोडून नवी मंडलं झाली त्या सुमारास सर आमच्या शाळेत बदलून आले. पहिल्या दिवशी आम्ही एकाच बसमधून उतरलो. पार जवळ आला तशी मी वाकले, चपला काढल्या, एका हातात चपला, दुसऱ्या हातात वह्यांचा गठ्ठा, पदराचं टोक दातात धरलं आणि निघाले. मागून येणारे सर थांबले. मला वाटलं, हेही काढताहेत. कशाचं काय! मी पार ओलांडून चपला पायात सरकवेपर्यंत ते बाजूला उभे राहिले, आणि मग सावकाश, बूट घालून, पारासमोरून आले. सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला.

पारावर मध्यभागी बसायचे ते आबाजी पाटील. भारदस्त माणूस, लाल फेटा, मिशा कानापर्यंत. त्यांनी विचारलं, "कोन गाव, मास्तर?"

सरांनी गाव सांगितलं.

"आडनाव?"

आडनाव सांगितलं.  सगळे बुटांकडे बघत राहिले. सरकारी माणूस, त्याला बोलणार कोण? सर गेल्यावर एकजण थुंकला एवढंच.

त्या दिवसापासून आमची वाट एक झाली, कारण बस एकच होती. सर बौद्धवाड्यात खोली घेऊन राहिले तरी भैंशाला जाणं-येणं असायचंच. दर वेळी मी पाराशी चप्पल काढायची आणि सरांनी थांबायचं. मला कधी ते एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त एकदा विचारलं, "बाई, तुमची चप्पल किती दिवस टिकते?"

"दोन वर्षं टिकते की."

"माहे बूट सहा महिन्यांत झिजतात. तुमाले परवडते बावा हा पार."

मला असा राग आला! म्हटलं, "तुमी गडी मानूस सर, तुमाले बोलाले काय जाते? माह्या सासूले सांगा एकडाव."

"सासूबाईले कोन सांगन," म्हणाले, आणि हसायला लागले. मग मलाही हसू आलं. काय करता!

बूट एकच जोड. रविवारी धुवायचे, त्यावर पांढरं पॉलिश ब्रशनं लावायचं आणि खोलीसमोरच्या कुडाला उन्हात टेकवून ठेवायचे. ते वाळेपर्यंत सर बाजेवरून खाली उतरत नसत. अनवाणी पाय जमिनीला लावायचाच नाही! कुणी भेटायला गेलं की बाजेवर मांडी घालून, राजासारखे बसून बोलायचे. बायको म्हणायची, "आज साहेबाचे पाय वाळत घातले हायेत." विहारात मात्र दारातच बूट काढायचे. मी विचारलं तर म्हणाले, "तिथं काढा म्हनून कोनी सांगत नाई, म्हनून काढतो."

शाळेत आल्या आल्या त्यांनी पहिलं भांडण हेडमास्तरांशी काढलं. आमच्याकडे पोरं वर्गाबाहेर चपला काढून आत यायची. सर म्हणाले, घालून या. हेडमास्तर म्हणाले, विद्येचं मंदिर आहे. सर म्हणाले, "मंदिर असन तं मी बाहेरच उभा राहतो, मले सवय हाय." हेडमास्तर ऑफिसात निघून गेले. पण खरी गंमत पुढेच झाली. पोरांना चपला घालून यायला सांगितलं तर अर्ध्या पोरांकडे चपलाच नव्हत्या!

शिकवायचे भूगोल आणि इतिहास, पण गाडी कुठूनही पायताणावर यायची. राजस्थान आलं की मोजडी, काश्मीर आलं की बर्फात घालायची गवताची पायताणं, ऋषी-मुनी आले की खडावा, इंग्रज आले की त्यांचे टाचांचे बूट. एका लाकडी पेटीत त्यांनी हे सगळं जमवलं होतं. तुटकी खडाव, टायरची चप्पल, कोळशाच्या खाणीतल्या कुणा मजुराचा लोखंडी नाकाचा फाटका बूट, जत्रेतलं लाल प्लास्टिकचं सँडल. पोरं सुट्टीत मामाच्या गावी गेली की सरांसाठी जुनं पायताण घेऊन यायची. आया ओरडायच्या, "शाळेत चिंचा नेतात, फुलं नेतात, अन् हे कार्टं खेटरं घेऊन चाललं."

एकदा तपासणीला साहेब आले. तेलुगू माणूस, पण मराठी समजायची. मुलांना विचारलं, इंग्लंडबद्दल काय माहीत आहे? एक पोट्टी टुणकन उठली. "तिथं समुद्राच्या वाळूत फिराले कापडाचे बूट बनवले सर, खाली रबर लावून. मंग त्यानं चेंडू खेळू लागले. मंग ते अमेरिकेत गेले. त्याचा आवाज होत नाई म्हनून तिकडं त्याले चोरपावली बूट म्हनतात."

साहेब म्हणाले, "अच्छा? और हैदराबाद?"

दुसरा उठला, "राजधानी हाय सर. तिथं चपला चांगल्या भेटतात."

साहेब पोट धरून हसले. हेडमास्तर मात्र हसले नाहीत. सरांना मग ऑफिसात बोलावून बरंच ऐकवलं. सर बाहेर आले ते तसेच प्रसन्न. म्हणाले, "बाई, राजधानी तं बरोबर सांगितली ना पोट्ट्यानं!"

या खुळाचं मूळ मला फार उशिरा कळलं. पावसामुळे बस आली नव्हती, आम्ही शाळेच्या ओसरीत अडकलो होतो. पेटी उघडून सर एक जुनी वहाण फडक्यानं पुसत होते. म्हणाले, "ही माह्या बापाची." जड, गावठी वहाण. मी हातात घेतली. तळवा नव्यासारखा, टाचेचे खिळेसुद्धा झिजलेले नाहीत. पण वरचे पट्टे मात्र पार विरलेले, चिंधी होऊन तुटलेले.

"काऊन असं?" मी विचारलं.

"हातात धरून धरून," सर म्हणाले. "आमच्या गावात बापाले सगळीकडं कामं. पाटलाच्या दारी, पटवाऱ्याच्या दारी, चावडीत. जिथं जाईन तिथं काढून हातात. पायात घालाले जागाच नव्हती त्याले. वरून फाटली, तळातून नाई फाटली, बाई. मानसाची वहाण तळातून फाटावी."

मी पाऊस बघत बसले.

आता शोभाचं सांगते. हे सगळं त्यासाठीच सांगते आहे.

शोभा ही त्याच आबाजी पाटलांची नात. लांब पायांची, काटक, अबोल पोट्टी. नववीत होती. एक दिवस बसच्या टपावर शाळेची खडूंची पेटी राहिली आणि बस सुटली. शिपाई ओरडत उभा. शोभानं दप्तर टाकलं आणि पळत सुटली, अनवाणी, धुळीतून, ओढणी कमरेला खोचून. पुलापाशी तिनं बस गाठली, थांबवली आणि पेटी डोक्यावर घेऊन परत आली. धापसुद्धा लागलेली नव्हती.

सर बसथांब्यावरून पाहत होते. "बाई, पाह्यलं का? शिपाई ओरडला तं बस थांबली नाई. हिनंच गाठली."

त्यानंतर या माणसाला दुसरं काही सुचेना. हैदराबादला मुलींसाठी खेळाचं होस्टेल निघालं होतं. राहणं, जेवण, कॉलेजपर्यंत शिक्षण, सगळं सरकारचं. आदिलाबाद जिल्ह्यातून रस्त्यावरच्या शर्यतीत पहिल्या दोन येतील त्या मुली घेणार होते. तेलुगू मास्तर लोक त्याला परुगु पंदेम म्हणायचे, म्हणजे पळण्याची पैज. सर माझ्याकडे आले. "तुमी चला. बाईमानूस सोबत असल्याबिगर आबाजी पोट्टीले सोडनार नाई."

म्हणजे सर स्वतः पारावर जाणार! मी पारापासून जरा दूर, डोईवर पदर घेऊन उभी राहिले. सर आबाजींसमोर उभे. बसा असं कुणी म्हटलं नाही.

"पाटलाची पोट्टी रस्त्यानं पयनार?" आबाजी म्हणाले. "लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनतीन, पाटलाची नात हैदराबादले गेली."

आबाजींना ते कुठेतरी गोड लागलं असावं. बराच वेळ मिशीवर हात फिरवला. शोभाला यवतमाळकडचं एक स्थळ चालून आलेलं होतं, हे गावाला माहीत होतं. शेवटी म्हणाले, "पयल्या दोघींत आली तं धाडतो. नाई आली तं दहावी झाल्याबरोबर लगीन. मंग मधी बोलाचं नाई, मास्तर."

"नाई बोलत," सर म्हणाले.

शोभाला मी घरी जाऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात पिठाचे तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. आई उठून बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "बाई, मले जायचं हाय. कसंही करून जायचं हाय." तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली होती. ते ती बोलली नाही. मला माहीत होतं.

सरांनी वर्तमानपत्राच्या कागदावर तिचं पाऊल ठेवून पेन्सिलीनं कडा काढून घेतली, तो कागद खिशात घालून आदिलाबादला गेले आणि कापडी बूट घेऊन आले. त्या डांबरी रस्त्यावर, खडीवर, अनवाणी पळून भागणार नव्हतं. पहिल्यांदा तिला ते घालून पळताच येईना. टाचा सोलल्या. सर खोबरेल तेलाची बाटली घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचे. दोऱ्या सैल होऊन ती एकदा पडली, तेव्हापासून सर स्वतः दुहेरी गाठ मारून द्यायचे. ते ओरडायचे, "पाय उचल! जमीन आपली हाय, तिले भेऊ नोको!" आणि हळूहळू ती अशी पळायला लागली की सायकलवर सरांची दमछाक व्हायची.

पण पार होताच. सराव भैंशाच्या रस्त्यावर चालायचा आणि तिथं जायचं तर पारासमोरूनच. पहिल्याच दिवशी शोभा बूट घालून पाराच्या अलीकडे थबकली आणि सरांकडे बघायला लागली. आबाजी पारावर होते. सरांच्या मनात त्या क्षणी काय आलं ते मी पाहिलं. त्यांची मान आधी नाही म्हणाली. मग ते तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "काढ. गावात काढत जा, रस्त्यावर घालत जा. आबाजीले आता राग आनून उपयोग नाई. हैदराबादले गेल्यावर रातंदिवस घाल."

शोभानं विचारलं, "हैदराबादेत पार असते का सर?"

"नसते."

झालं. तेव्हापासून रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, पाराच्या अलीकडे वाकायचं, बूट काढायचे, हातात घ्यायचे, पलीकडे जाऊन घालायचे. ज्या माणसानं जन्मात कुणासमोर बूट काढले नाहीत, त्यानं हे तिला सांगितलं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. शहाणपणच वाटलं. थोड्या दिवसांचा तर प्रश्न होता.

शर्यत आदिलाबादजवळच्या मावला गावाच्या अलीकडून सुटून मावल्यातून आदिलाबादेत मैदानापर्यंत जाणार होती. आबाजींना त्याच दिवशी आदिलाबादच्या कचेरीत जमिनीचं काम निघालं. सरांनीच त्यांना आग्रह केला, "या ना आबाजी, पाहा तुमच्या नातीले पयताना." माणसाला वाटतं ना, आपल्या कामाचं चीज विरोधकानं डोळ्यांनी बघावं! आबाजी आले. मावल्यात रस्त्याला लागून झाडाखाली एक ओटा आहे, तिथं त्यांच्या ओळखीची चार म्हातारी मंडळी बसलेली होती. आबाजी त्यांच्यात जाऊन मध्यभागी बसले. तोच फेटा, त्याच मिशा.

मी ओट्याच्या थोडी पुढे पाण्याची घागर घेऊन उभी होते. लांबून पोरी येताना दिसल्या. पुढे एकटी शोभा! मागं बऱ्याच अंतरावर बेल्लमपल्लीच्या दोन पोरी, आणि त्यांच्या मागे सगळा घोळका. सर मागून उसन्या सायकलवर. मला तर रडूच कोसळलं आनंदानं. ओट्यावरची म्हातारी मंडळी उठून बघायला लागली. आबाजींनी मान उंच केली.

शोभानं त्यांना पाहिलं.

पाहिलं आणि थांबली. मला आधी वाटलं, पायात काही रुतलं. ती वाकली, आणि दोऱ्या सोडायला लागली. सरांनी मारलेली दुहेरी गाठ, ती सुटेना. नखांनी ओढत होती, खाली मान घालून, ओठ दाबून. मी ओरडले, सर मागून जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "शोभा, पय! पय माय, पय!" ती दुसऱ्या बुटाची गाठ सोडत होती. बेल्लमपल्लीच्या दोघी तिच्या शेजारून निघून गेल्या. मग ती उठली, बूट हातात घेतले, मान खाली घालून ओटा ओलांडला, आणि तिथून पुढे, बूट हातातच धरून, अनवाणी, वेड्यासारखी पळत सुटली. खडीवर रक्त सांडत पळाली बिचारी.

तिसरी आली.

सर पंच लोकांच्या मागे मागे फिरले. ती पहिली होती, तुम्ही विचारा मावल्यात, सगळ्यांनी पाहिलंय. एक अधिकारी बरा होता, त्यानं ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाला, "मास्टरजी, सब ठीक है, लेकिन जूते उतारने को किसने बोला था?"

सर उसनी सायकल परत करायला निघाले.

आणि आबाजी! आबाजी टांग्यातून मैदानावर आले ते फुलून. नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "पाहा मास्तर, जीव घेऊन पयत होती, पन वडीलमानसाले इसरली नाई. हे असं वळन!" त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला बोलू, म्हातारा मनापासून बोलत होता. ओट्यावरच्या एका बागायतदारानं तिथंच विचारलं म्हणे, पोट्टी कोनाची? अशी सून पायजे आमाले. यवतमाळचं स्थळ मागं पडलं आणि हे पुढं आलं. शर्यत झाली त्याच दिवशी लग्न जमलं म्हणा ना.

परतीच्या बसमध्ये शोभा माझ्या शेजारी होती. पायांना माझ्या रुमालाच्या चिंध्या बांधलेल्या. सर पुढच्या बाकावर. बस मावल्यातून पुढं निघाली. मग ती म्हणाली, "सर, मले कळलंच नाई. हात आपोआप गेला."

"मालूम हाय," सर म्हणाले. त्यांनी वळून पाहिलं नाही. मग म्हणाले, "तुह्या हाताले मीच शिकवलं."

दहावीची परीक्षा झाली आणि लग्न लागलं. त्या वर्षी भैंशाच्या बाजारात नवे जाड तळव्याचे स्पोर्ट शूज आले होते, रंगीत पट्ट्यांचे, आणि नवरदेव लोक सफारीबरोबर ते मागू लागले होते. शोभाच्या नवऱ्यानंही मागितले. आबाजींनी आदिलाबादहून भारीतला जोड आणला. मांडवात नवरदेवाचे जोडे लपवायचा खेळ असतो, तो सुरू झाला. करवल्यांनी ते पळवले आणि ठेवायचे कुठं, म्हणून मागच्या रांगेत बसलेल्या सरांच्या मांडीवर दिले. "सर, तुमी ठेवा. तुमच्याजवळ कोनी धुंडनार नाई." वरून टॉवेल टाकला आणि खिदळत गेल्या.

मी बायकांत बसले होते, पण मला सर दिसत होते. त्यांनी टॉवेलखाली हात घालून एक बूट उलटा केला. तळवा दाबून पाहिला, वाकवून पाहिला. नवरी समोर पाटावर, अनवाणी, पायांना हळद. मी जवळ गेले तर म्हणाले, "किती हलके हायेत बाई. पोट्टी उडाली असती यात." आणि मांडवात सगळे हसत असताना हा माणूस बूट मांडीवर घेऊन बसून राहिला. खेळ संपल्यावर पोरी ते मागायला आल्या, त्यांनी टॉवेलसकट दिले.

त्यानंतरचे नगराळे सर म्हणजे कुणीतरी वेगळेच. बूट तेवढे राहिले. ती पेटी कपाटामागे गेली, तिच्यात उंदरांनी घर केलं. राजस्थान आलं की राजस्थानच शिकवायचे, पुस्तकात जेवढं असेल तेवढं. हेडमास्तर म्हणायचे, नगराळे आता सुधारले. मला ते ऐकून कसंतरी व्हायचं. एकदा न राहवून म्हटलं, "सर, पोरं इचारून राह्यली, खडावाची गोष्ट काऊन सांगत नाई?"

"काय सांगू? त्यानं काय झालं? मी बोलत राह्यलो अन् पार तिच्या हातात जाऊन बसला. तिथून कोन काढते?"

गाव मात्र बदलत होतं. बौद्धवाड्यातली पोरं नोकरीला लागली, कुणी शिक्षक, कुणी क्लार्क. सणाला आली की नवेकोरे स्पोर्ट शूज घालून पारासमोरून ऐटीत जायची. कुणी हूं की चूं करत नसे. म्हातारे पोरांना विचारायचे, कुठून घेतले रे, आमच्या नातवाले पायजेत. गड्यांचा रिवाज असा मेला. बायांचा जिवंत राहिला. मी अजूनही काढत होते, आणि सर अजूनही बाजूला थांबत होते. पण आता माझ्याकडे बघत नसत.

मग ते रिटायर झाले. गावानं निरोप द्यायचं ठरवलं, आणि कुठं? पारावर! आबाजी खूप थकले होते, दिसायचं कमी झालं होतं, तरी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. सरकून जागा केली आणि म्हणाले, "बसा मास्तर. इथं बसा, माह्याजवळ." सर नको नको म्हणत होते, पण लोकांनी धरून बसवलं. पारावर, मध्यभागी, बूट घातलेले पाय खाली सोडून. हार घातला. बौद्धवाड्यातले म्हातारे समोर रस्त्यात उभे होते, त्यांतले काही डोळे पुसत होते. मलाही भरून आलं. म्हटलं, बरं झालं, या माणसाला हे तरी बघायला मिळालं.

एप्रिलची दुपार. दुपारची बस आली आणि तिच्यातून शोभा उतरली. माहेरी येत होती. ओळखू येईना इतकी वाळली होती. कडेवर एक मूल, दुसरं पोटात. पायात साधी स्लीपर. पारावर गर्दी बघून जरा थांबली, आणि मध्यभागी बसलेले सर तिला दिसले. तिचा चेहरा असा उजळला! कितीतरी दिवसांत हसली नसावी तशी हसली. मूल सांभाळत वाकली आणि स्लीपर काढून हातात घेतल्या.

"घाल," सर म्हणाले.  "घाल ते पोरी, रस्ता तापला हाय."

"तुमच्याम्होरं कशी घालू सर?" ती म्हणाली. लाजून, मनापासून म्हणाली.

आबाजींनी सरांच्या गुडघ्यावर हात मारला. "पाह्यलं का मास्तर? माह्यासाठी नाई, तुमच्यासाठी काढली तिनं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळे म्हणत होते, आनंद झाला, सरांना आनंद झाला.

शोभा पार ओलांडून पुढे गेली. डांबरावरून पाय उचलत, चटके चुकवत चालत होती, मूल कडेवर, स्लीपर हातात. पार मागं पडला तरी घालीना. दर थोड्या वेळानं वळून बघायची, सर तिच्याकडे बघताहेत का ते. ते बघत होते. म्हणून ती घालत नव्हती.

सरांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि देवळाच्या भिंतीकडे बघत बसले.